मोनोलॉगवाले सर

परवा फोनवर तुम्ही दोघांनी मला एकच शब्द दोन तऱ्हांनी ऐकवलात. म्युनिकहून चिन्मय म्हणाला, त्याला शाळेत ‘मोनोलोग’ करायचा आहे, आणि शेवटच्या ‘लोग’वर त्याने खिळा ठोकावा तसा जोर दिला. साओ पावलोहून अन्वी म्हणाली, तिच्या वर्गातही तेच आहे, पण तिच्या तोंडी तो शब्द ‘मोनॉलोगु’ असा गोल होऊन आला. मग दोघांनी मिळून मला विचारलंत, आज्जी, बरोबर कोण? मी निकाल देणार नाही. त्याऐवजी ज्या माणसाने तुम्हा दोघांनाही बरोबर ठरवलं असतं, आणि ते का हे सांगताना रात्रीपर्यंत फोन खाली ठेवू दिला नसता, त्यांच्याबद्दल लिहिते.

ते आमचे डोंबिवलीचे घरमालक. मी लग्न होऊन त्या घरात गेले ते एकोणीसशे पन्नासनंतरच्या पहिल्या काही वर्षांत. डोंबिवलीत तेव्हा बैठी कौलारू घरं जास्त, मधे भातखाचरं, आणि आमचं घर एकमजली म्हणून लांबून ओळखू येई. खाली ते आणि त्यांच्या पत्नी राहत, वर आम्ही: सासरे, सासूबाई, तुमचे आजोबा आणि मी. सर ठाण्याला मुलींच्या शाळेत इंग्रजी शिकवत. मी त्यांना सर म्हणे, सासूबाई मास्तर म्हणत, आणि दोन्ही शब्दांत किती अंतर आहे ते सासूबाईंच्या तोंडून ऐकल्याशिवाय कळायचं नाही.

सरांना बोलायला लागे. माणसाला श्वास लागतो तसं. बोलण्याची सुरुवात नेहमी ‘थोडक्यात सांगतो’ अशी होई, आणि हे शब्द ऐकले की जाणती माणसं हातातली पिशवी खाली ठेवत. अंगणात सामाईक विहीर होती. सकाळी सर पाणी काढायला आले की रहाटावर दोर धरून, बादली अर्ध्यावर लोंबकळत ठेवून, एखाद्या इंग्रजी शब्दाची जन्मकथा सांगायला लागत. बादली ना वर येई ना खाली जाई. आम्ही बायका कळशा घेऊन रांगेत. शेवटी त्यांच्या पत्नी, ज्यांना आम्ही काकू म्हणत असू, शांतपणे पुढे येऊन दोर हातात घेत, बादली वर ओढत आणि दोर मागे असलेल्या बाईच्या हातात देत. सरांच्या हे लक्षातही येत नसे. दोर गेला तरी त्यांचे हात दोर धरल्यासारखेच राहत.

काकू स्वतः फार कमी बोलत. तांदूळ निवडताना त्या अधूनमधून ‘हं’ म्हणत. हे ‘हं’ त्या सरांना म्हणतात की तांदळात खडा सापडला म्हणून म्हणतात, हे मला कधी उमगलं नाही. सर मात्र अभिमानाने सांगत, “आमच्या घरात उत्तम श्रोता आहे.”

शाळेतही तेच. मुली त्यांच्यावर जीव टाकत, कारण ते धडा शिकवत नसत, धड्यातली सगळी माणसं होत. राजा होत, राणी होत, राणीची दासी होत. तास संपल्याची घंटा त्यांना ऐकू येत नसे. भूमितीच्या बाई दारात कंपास घेऊन उभ्या राहत आणि सर त्यांना हातानेच ‘जरा थांबा, आता हिला विष देतोय’ अशी खूण करत. अभ्यासक्रम कधी पुरा झाला नाही, पण त्यांच्या मुलींचं इंग्रजी चांगलं होतं. हे कसं, ते मुख्याध्यापिकाबाईंनाही कळलेलं नव्हतं, म्हणून त्या गप्प असत.

आता त्या शब्दाकडे येते. सर दुसऱ्याला प्रश्न असा कधी विचारत नसत. कुठून आलात, काय करता, मुलं किती, असल्या चौकशा त्यांनी जन्मात केल्या नाहीत. त्यांचा एकच प्रश्न होता, आणि तो परप्रांतातून वा परदेशातून आलेल्या प्रत्येकाला ते पहिल्या भेटीत विचारत: एकट्याने बोलण्याला, म्हणजे मोनोलॉगला, तुमच्या भाषेत काय म्हणतात?

त्यांचं म्हणणं असं, की शब्द मूळचा ग्रीक. एक आणि बोलणं, दोन तुकडे जोडून झालेला. तो घर सोडून निघाला आणि युरोपभर राहत फिरला. “शब्द म्हणजे भाडेकरू,” ते म्हणत. “जिथे बिऱ्हाड करतो तिथल्या घरमालकाच्या रीतीने वागतो. जर्मनाकडे गेला, ताठ उभा राहायला शिकला. इटालियनाकडे गेला, तर त्यांच्यात स्वर लावल्याशिवाय शब्द संपवणं असभ्य समजतात, म्हणून शेवटी ओ लावून घेतला. पोर्तुगीजाकडे गेला, त्याने अर्धा गिळला. रशियात म्हणतात मनालोग. मना-लोग. आता हा आपल्याकडून गेला नाही असं मला कुणी छातीवर हात ठेवून सांगावं.”

हे ऐकून सासूबाई जिन्याच्या वरच्या पायरीवरून पुटपुटत, “इथे घरमालक बोलतो आणि भाडेकरूंनी ऐकायचं. ते नाही सांगत.”

ठाण्याला लग्नात वाजवणाऱ्या बँडचे एक गोवेकर मास्तर होते, त्यांच्याकडून सरांनी पोर्तुगीज उच्चार मिळवला आणि महिनाभर तो नाकातून काढत हिंडले. ठाकुर्लीच्या पॉवर हाउसमधल्या तमिळ कारकुनाने मात्र त्यांची निराशा केली. त्यांच्यात त्याला ‘तनिमोळि’ म्हणतात, म्हणजे शब्द उसना घेतलेलाच नाही. “पाहुण्याला दारातच उभं केलं या लोकांनी,” सर दुखावून म्हणाले. कल्याण कॅम्पातून, म्हणजे आजच्या उल्हासनगरातून, कापडाचं गाठोडं घेऊन एक सिंधी गृहस्थ यायचे. त्यांनी प्रश्न नीट ऐकून घेतला, गाठोड्यावर बसले आणि म्हणाले, “साईं, हमारे घर में ग्यारह लोग हैं. अकेला बोलने का मौका किसको मिलता है?” शब्द काही मिळाला नाही, पण सरांनी हेही उत्तर मोठ्या आदराने सगळ्यांना सांगितलं.

मोहन्याच्या रेयॉनच्या कारखान्यात यंत्रं बसवायला एक इटालियन इंजिनिअर आला आहे असं कळल्यावर सर रविवारी सकाळी कल्याणपर्यंत जाऊन पुढे टांग्याने मोहन्याला गेले. त्या माणसाला इंग्रजी जेमतेम. सरांनी ‘मोनोलोगो, मोनोलोगो’ असं म्हटल्यावर त्याला वाटलं, हे गृहस्थ आपल्याला बोलून दाखवायला सांगताहेत. तो परदेशात एकटा, आठवडाभर कुणाशी धड बोललेला नसावा. त्याने टोपी काढून ठेवली आणि उभं राहून दोन्ही हातांनी बोलायला लागला. एकदा त्याचे डोळे भरून आले, एकदा त्याने भिंतीवर मूठ मारली. सरांना त्यातलं अक्षर कळलं नाही. संध्याकाळी परत आले ते उजळलेल्या चेहऱ्याने. “बहुधा आईबद्दल होतं,” ते म्हणाले, “किंवा बॉयलरबद्दल. पण काय बोलला.”

तुम्ही विचाराल, मग मराठीत काय? सरांचं तिथेच घोडं अडलेलं होतं. स्वगत हा शब्द त्यांना चालत नसे. “स्वगतात शेजारचं पात्र ठार बहिरं असतं,” ते म्हणत. “नायक घसा फाटेस्तोवर ओरडतो आणि खलनायक दोन हातांच्या अंतरावर मिशी पिळत उभा. हा मोनोलॉग नव्हे, ही कानाची व्याधी आहे.” त्यांना तो परका शब्दच हवा होता. टेबल आलं, स्टेशन आलं, तसा मोनोलॉग मराठीत येऊन बिऱ्हाड करून राहावा. त्यासाठी ते तो सगळ्यांच्या तोंडात घालून बघत. खाडीवरून मासळी घेऊन येणाऱ्या कोळणीला त्यांनी दारात थांबवलं आणि चार वेळा म्हणायला लावलं. चौथ्या वेळी तिने पाटी डोक्यावर उचलली. “मास्तर, म्हावरा घेवाचा हाय का निस्ता बोलाचा हाय?”

काकूंनी आतूनच बोंबील घेतले.

शब्द रुजवायचा तर वस्तू दाखवायला हवी, या निष्कर्षाला सर आले आणि त्यांनी मराठीत एक मोनोलॉग लिहिला. एक तरुण बाई बंदरावर एकटी उभी आहे. नवरा आगबोटीवर नोकरीला गेला, त्याची बोट आज यायची आहे, ती येत नाही, आणि बाई समुद्राकडे बघून त्याच्याशी बोलते आहे. खरं सांगते, चांगलं लिहिलं होतं. एवढा बोलणारा माणूस लिहिताना इतकं कमी लिहितो याचं मला नवल वाटलं. आणि ते बोलून दाखवायला त्यांनी मला निवडलं, कारण मी इंग्रजी घेऊन बी.ए. झालेली होते आणि वरच्या खोलीत मोठ्याने वाचायची मला सवय होती.

माझा स्वार्थही होता, तो सांगायला हवा. सरांच्या शाळेत जूनपासून इंग्रजीच्या शिक्षिकेची जागा रिकामी होणार होती. सरांनी मुख्याध्यापिकाबाईंपाशी माझं नाव काढलं होतं आणि त्या हो म्हणाल्या होत्या. सरांना थांबवायचा तोच एक मार्ग असावा. मला ती नोकरी हवी होती. इतकी, की रात्री उशाशी पुस्तक घेऊन मी वर्गातला पहिला दिवस मनात घोकत असे. पण घरातून परवानगी नव्हती. सासरे सासूबाईंकडे बोट दाखवून म्हणाले, “तिला विचारा.” तुमचे आजोबा म्हणाले, “आई म्हणेल तसं.” आणि आई म्हणजे सासूबाई म्हणाल्या, “सून शिकलेली आहे हे मला ठाऊक आहे. पण आपल्या घरात आजवर कुणी बाई चारचौघांपुढे उभी राहून बोललेली नाही. ते कसं दिसतं मला माहीत नाही. आधी बघते, मग सांगते.”

बघायची संधी संक्रांतीच्या हळदीकुंकवाला होती. महिला मंडळाने दुपारी डोंबिवलीतल्याच एका शाळेचा हॉल घेतला होता आणि कार्यक्रमात सरांचा मोनोलॉग ठेवला होता. म्हणजे माझी परीक्षा त्या दुपारी, पहिल्या रांगेत बसलेल्या सासूबाईंपुढे.

आता अडचण सांगते. सरांनी त्या बोटीवरच्या नवऱ्याचं नाव ठेवलं होतं मनोहर, आणि तुमच्या आजोबांचंही नाव तेच. आज मी ते सरळ लिहिते आहे, पण तेव्हा नवऱ्याचं नाव तोंडाने उच्चारायचं नाही ही घरोघरची रीत होती. उखाण्यात तेवढं चाले. मी शेक्सपिअरच्या राजाराण्यांची नावं घडाघडा घेत असे, पण तुमच्या आजोबांचं नाव सासूबाईंच्या देखत घेणं म्हणजे त्यांच्यासमोर पाय पसरून बसण्यासारखं होतं. आणि सरांच्या लिखाणात ते नाव जागोजागी होतं, तेही नुसतं. अहो नाही, राव नाही. त्यांना आधुनिक बायको दाखवायची होती.

सरांना हे कळायला हवं होतं असं तुम्हाला वाटेल. पण भाड्याची पावती सासऱ्यांच्या नावे असे, ती काकू लिहीत, आणि आमच्या यांना सर ‘चिरंजीव’ म्हणत. नाव त्यांनी कधी विचारलंच नव्हतं. मी सांगायचा प्रयत्न केला.

“सर, ते नाव जरा बदलता येईल का?”

“कुठलं नाव?”

“त्या गृहस्थांचं.”

“कुठल्या गृहस्थांचं?”

“बोटीवर गेलेत ते.”

“का? काय वाईट आहे त्यात?”

“वाईट नाही. घरात आहे.”

“घरात कसा असेल? तो बोटीवर आहे, तोच तर मुद्दा आहे. ऐका, थोडक्यात सांगतो.”

दुपारचं वाळत घातलेलं धुणं वाळून कडक झालं तरी ते सांगत होते. मग मी काकूंकडे गेले. त्या म्हणाल्या, “मी सांगेन गं. पण ते थांबायला हवेत ना.” तुमच्या आजोबांना सांगितलं तर ते उशीत तोंड खुपसून हसले आणि म्हणाले, “माझ्या नावासाठी त्यांचं नाटक बदला म्हणून मी कुठल्या तोंडाने सांगू?”

मी माझ्यापुरता मार्ग काढला. जिथे नाव होतं तिथे मी ‘अहो’ म्हणू लागले. बंदरावर उभं राहून ‘अहो’ अशी हाक मारली की ती उलट जास्त लांब जाते, असं मला वाटलं. तालमीत सर डोळे मिटून बसत, ओठ हलवत. ते माझं ऐकताहेत असं मी धरून चालले. ते स्वतःचंच ऐकत होते. बदल त्यांच्या कानावर पडलाच नाही.

हळदीकुंकवाच्या दुपारी हॉल भरलेला. बायका सतरंजीवर, पोरं मांडीवर, तिळाच्या वड्यांची ताटं भिंतीशी. बायकांच्या कार्यक्रमात पुरुष नको यावरून आधी कुरबुर झाली होती. शेवटी असं ठरलं, की मास्तर चादरीच्या पडद्यामागे बसून शब्द सांगतील, पण कुणाला दिसायचे नाहीत. ते दिसले नाहीत. ती अट त्यांनी पाळली.

मी उभी राहिले. पहिली काही वाक्यं माझा आवाज मलाच परका वाटला, मग सुटला. पहिली हाक आली. “अहो,” मी म्हणाले, “बत्ती लागली बघा बंदरावर.” बायका एकदम शांत झाल्या. त्यातल्या प्रत्येकीचे कुणीतरी ‘अहो’ होते आणि ते कुठेतरी उशिरा येत होते. सासूबाईंनी पदर तोंडाशी नेला.

तेवढ्यात पडद्यामागून दबका आवाज आला. “मनोहर.”

सरांना वाटलं मी विसरले. हातात कागद होता, त्यामुळे आयुष्यात पहिल्यांदाच ते दुसऱ्याचं बोलणं शब्दाशब्दाने ऐकत होते. मी तशीच पुढे गेले. पुढची हाक आली.

“अहो, आज तरी…”

“मनोहर,” पडदा जरा मोठ्याने म्हणाला.

पहिल्या रांगेत चुळबुळ झाली. शेजारपाजारच्या सगळ्यांना ते नाव कुणाचं हे ठाऊक होतं. मी ओळ पुन्हा घेतली. तिसऱ्या हाकेला सरांचा धीर संपला.

“मनोहर हो, मनोहर! नाव घ्या, नाव!”

हळदीकुंकवात ‘नाव घ्या’ म्हटल्यावर बायका गप्प बसतात होय? मागच्या रांगेतून कुणीतरी हसून साथ दिली, “घे गं नाव.” मग चारी बाजूंनी, “नाव घे, नाव घे.” माझं बंदर, माझी बोट, सगळं बुडालं. एकही उखाणा आठवेना. नाव घेतलं तर सासूबाई, नाही घेतलं तर सर. नोकरी गेली, एवढं एकच मला स्वच्छ दिसत होतं.

आणि सासूबाई उठल्या. पदर खांद्यावरून घेतला, पडद्याकडे वळल्या.

“अहो मास्तर. बाहेर येऊ नका, तिथूनच ऐका. ते नाव माझ्या मुलाचं आहे. माझी सून ते इथे घेणार नाही, आणि तुम्ही तर असं भाजीवाल्यासारखं ओरडून मुळीच घेऊ नका. पोरगी इतकं चांगलं बोलत होती, माझ्या डोळ्यांत पाणी आलं होतं. ते तुम्ही घालवलंत. विहिरीवर तुमचं ऐकतो, जिन्यात तुमचं ऐकतो, तुमच्या बायकोने तर सात जन्मांचं याच जन्मात ऐकून घेतलंय. आम्ही कधी मधे बोललो? आज एक दिवस दुसरं कुणी बोलतंय. ते कसं असतं ते तरी बघा. माझे मामंजी म्हणायचे, बाईने हळू बोलावं. हळू बोलून बोलून आमचे गळे बसले. हिचा आवाज शेवटच्या रांगेपर्यंत जातोय, जाऊ दे. तुम्ही तो कागद खाली ठेवा. ठेवलात? आवाज नाही आला.”

पडद्यामागे कागद खाली ठेवल्याचा आवाज आला.

काकू सगळ्यांच्या मधे बसून मोकळेपणी हसत होत्या. त्यांचे दात मी तेव्हा पहिल्यांदा पाहिले. सासूबाई माझ्याकडे वळल्या. “हं, बोल गं पुढे. आणि अहोच म्हण. बरं वाटतं कानाला.”

मी बोलले. बोट काही आली नाही, पण बायका रडल्या. टाळ्या पडल्या त्यातल्या माझ्या किती आणि सासूबाईंच्या किती, हे सांगणं कठीण आहे. पडद्यामागून सर अट मोडून धावत बाहेर आले, बायकांनी भराभर पदर सावरले, आणि ते थेट सासूबाईंपुढे जाऊन हात जोडून उभे राहिले. मला वाटलं, माफी मागताहेत.

“वहिनी,” ते म्हणाले, “तुम्ही आत्ता जे केलंत, ते मी तीन वर्षं लिहायचा प्रयत्न करतोय. थोडक्यात सांगतो…”

“मास्तर, आधी घरी जा,” सासूबाई म्हणाल्या.

परतताना मी विचारायला धजले नाही. वाटेत दारादारांतून बायका हाका मारत होत्या, “वहिनी, काय बोललात हो आज.” मला कुणी काही म्हणत नव्हतं. सासूबाई प्रत्येक दारात थांबून थोडं थोडं पुन्हा सांगत होत्या, आणि दर दाराला भाषण वाढत होतं. घरी आल्यावर त्यांनी ते सासऱ्यांना उभं राहून करून दाखवलं. दिवेलागणीला तुमचे आजोबा हापिसातून आले, तेव्हा त्यांनाही अथपासून ऐकावं लागलं.

शेवटी त्यांनी विचारलं, “आणि हिचं कसं झालं?”

“हिचं? चांगलं झालं की,” सासूबाई म्हणाल्या. “जूनपासून जाऊ दे हिला. फक्त तिथे त्या मास्तरच्या शेजारी बसायचं नाही.”

मी ती अट पाळली. शिक्षकांच्या खोलीत सरांची खुर्ची खिडकीशी होती, म्हणून मी अगदी दुसऱ्या टोकाला, दाराशी जागा घेतली आणि ते निवृत्त होईपर्यंत तिथेच बसले. तिथूनही सगळं स्वच्छ ऐकू येत असे.